'बग' नको, 'एक्सेप्शन' म्हणा! कॉम्प्युटरच्या भाषेने ९००हून जास्त माणसांना गुन्हेगार कसं ठरवलं?

जुलै २०१३. ब्रिटनच्या 'पोस्ट ऑफिस' या सरकारी मालकीच्या कंपनीत एका चौकशी अहवालाची धाकधूक सुरू होती. कंपनीच्या कॉम्प्युटर यंत्रणेत दोष आहेत का, हे तपासायला नेमलेले बाहेरचे हिशेब तपासनीस काही दिवसांत अहवाल देणार होते. त्याच आठवड्यात मुख्य कार्यकारी अधिकारी पॉला वेनेल्स यांनी सहकाऱ्यांना एक ईमेल पाठवला. मजकूर थोडक्यात असा: कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या माझ्या नवऱ्याला मी विचारलं, की 'बग', 'ग्लिच', 'डिफेक्ट' या शब्दांऐवजी लोकांच्या मनात फार काही उमटणार नाही असा एखादा शब्द आहे का? नवऱ्याचं उत्तर आलं, 'एक्सेप्शन' किंवा 'अनॉमली' म्हणा. म्हणजे अपवाद किंवा विसंगती. 'एक्सेप्शन' हा शब्द वेनेल्सबाईंना फारच आवडला.

मे २०२४ मध्ये लंडनच्या सार्वजनिक चौकशीत हा ईमेल त्यांच्यासमोर स्क्रीनवर दाखवला गेला. तोवर त्या यंत्रणेच्या आकड्यांवर विसंबून ९००हून जास्त माणसांवर गुन्हे सिद्ध झालेले होते. काही जण तुरुंगात जाऊन आले होते. काहींनी घरं विकली होती. काही जण तर हयातच नव्हते.

ब्रिटनच्या 'होरायझन' प्रकरणाबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलंय. जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्हीवर त्यावर मालिका आली आणि जगभर चर्चा झाली. 'सॉफ्टवेअरमध्ये चूक होती आणि निरपराध माणसं अडकली' एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण एक प्रश्न उरतोच. सोळा वर्षं हे चाललं कसं? इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

तर गंमत अशी, की लक्षात आलं होतं. फक्त दर वेळी त्याला वेगळंच नाव दिलं गेलं.

आधी हे होरायझन काय ते पाहू

ब्रिटनमध्ये गल्लीबोळातली बहुतेक पोस्ट ऑफिसं सरकारी नोकर चालवत नाहीत. किराणा, वर्तमानपत्रं, ग्रीटिंग कार्डं विकणारा दुकानदार दुकानाच्या एका कोपऱ्यात पोस्टाचं काउंटर चालवतो. त्याला म्हणतात सबपोस्टमास्तर. तो नोकर नाही, कंत्राटदार. त्याच्या कंत्राटात एक कलम होतं: निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे पैशात तूट आली, तर ती त्याने भरून द्यायची. या दुकानदारांमध्ये भारतीय वंशाची माणसंही बरीच होती.

पूर्वी हिशेब कागदावर व्हायचा. आठवड्याच्या शेवटी वही जुळली नाही, की बसून एकेक पावती तपासायची. १९९९पासून त्या जागी होरायझन बसवायला सुरुवात झाली. बनवणारी कंपनी आयसीएल, म्हणजे पुढची फुजित्सू. मूळ प्रकल्प सरकारी भत्ते कार्डावर देण्यासाठीचा होता. मे १९९९ मध्ये भत्ते देणाऱ्या खात्याने अंग काढून घेतलं आणि उरलेली यंत्रणा पोस्टाच्या काउंटरवर आली.

ही होती 'एंटरप्राइझ' यंत्रणा. तुमच्या मोबाइलमधल्या ॲपपेक्षा हा प्रकार वेगळा असतो. काउंटरवर दिसतो तो फक्त एक पडदा. खरा कारभार मागे चालतो: डेटा सेंटर, मुख्यालयाचा हिशेब, हेल्पलाइन, दुरुस्ती करणारे इंजिनिअर. काउंटरवरच्या माणसाला दिसतो फक्त शेवटचा आकडा. आणि त्या आकड्याला काय म्हणायचं, हे तो ठरवत नाही.

'डिस्क्रेपन्सी': तूट म्हणायचं नाही, पण भरायची मात्र तुम्ही

दिवस संपला. गल्ल्यात मोजले तर ५,००० पाउंड. स्क्रीन म्हणतोय ७,००० असायला हवेत. मराठीत आपण म्हणू, रोजमेळ जुळेना. होरायझनच्या भाषेत ही 'डिस्क्रेपन्सी', म्हणजे तफावत. शब्द अगदी तटस्थ. तफावत दोन आकड्यांत असते आणि दोनपैकी कुठलाही आकडा चुकीचा असू शकतो. पण प्रत्यक्षात प्रश्न एकच विचारला जायचा: गल्ल्यातले पैसे कुठे गेले? स्क्रीनवरचा आकडा कुठून आला, हे कुणी विचारत नव्हतं.

हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन यांचा अनुभव पाहा. साधारण २,००० पाउंडची तफावत दिसली म्हणून त्यांनी हेल्पलाइनला फोन केला. पलीकडून सांगितलं तशी बटणं दाबली. तफावत मिटली नाही. डोळ्यांदेखत दुप्पट झाली.

ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांनी तर हेल्पलाइनला ९१ वेळा फोन केला. त्यांची तूट जवळपास २६,००० पाउंडवर गेली. वसुलीसाठी पोस्ट ऑफिसने दिवाणी दावा लावला. वकील परवडेना म्हणून ते स्वतःच उभे राहिले. २००७ साली हरले आणि पोस्ट ऑफिसच्या खर्चापोटी ३,२१,००० पाउंडचा बोजा डोक्यावर आला. त्यात ते दिवाळखोर झाले.

आता या भाषेतला सगळ्यात बेरकी शब्द. द्विनोंदी हिशेबात एक जुनी सोय असते: उचंत खातं. एखादी रक्कम कशाची ते कळत नसेल, तर तिला तात्पुरतं उचंत खात्यात ठेवायचं आणि शोध लागला की योग्य जागी न्यायचं. कुठल्याही पतपेढीतल्या कारकुनाला हे माहीत असतं. सबपोस्टमास्तरांना सुरुवातीला अशी सोय होती. २००५च्या सुमारास ती काढून टाकली. त्यानंतर हिशेबाचा काळ संपला की पडद्यावर पर्याय उरले दोन. एक, खिशातून भरा. दोन, 'सेटल सेंट्रली'.

'सेटल सेंट्रली' वाचून काय वाटतं? मुख्यालयात बघून मिटवू, असंच ना? बहुतेकांना तसंच वाटलं. पण ते बटण दाबलं की पोस्ट ऑफिसच्या वह्यांमध्ये ती रक्कम त्या दुकानदाराच्या नावावर येणं म्हणून चढायची. म्हणजे त्याने कर्ज कबूल केलं असाच अर्थ. 'मला हा आकडा मान्य नाही' असं म्हणायचं बटणच यंत्रणेत नव्हतं. वाद घालायचा तर हेल्पलाइनला फोन करून घालायचा. बटण दाबल्याशिवाय मात्र पुढचा हिशेब सुरू होत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्शनसाठी रांग लागलेली.

मग काही जणांनी तिसरा रस्ता धरला. गल्ल्यात पैसे आहेत असं दाखवून आकडा जुळवला, पुढच्या महिन्यात चूक सापडेल या आशेवर. कायद्याच्या भाषेत याला 'फॉल्स अकाउंटिंग' म्हणतात, म्हणजे खोटा हिशेब. पुढे चोरीचा आरोप मागे घेतो, खोटा हिशेब कबूल करा, अशी तडजोड अनेकांपुढे आली. हॅमिल्टनबाईंनी तीच स्वीकारली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांचे पैसे भरायला मदत केली. न घेतलेल्या पैशांसाठी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. यातले बरेचसे खटले पोलिसांनी नाही, पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले. इंग्लंडमध्ये खासगी फिर्यादीला फौजदारी खटला चालवता येतो. पैसे बुडाले म्हणणारा, तपास करणारा आणि खटला चालवणारा एकच. ७००हून जास्त शिक्षा अशा रीतीने झाल्या.

'नोन एरर लॉग': माहीत असलेल्या चुकांची वही

हेल्पलाइनवर अनेकांना एक वाक्य ऐकायला मिळालं: असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.

तिकडे इंग्लंडमधल्याच ब्रॅकनेल शहरात फुजित्सूचं सपोर्ट सेंटर होतं. तिथल्या इंजिनिअरांकडे 'नोन एरर लॉग' नावाची नोंदवही असायची. नावातच सगळं आलं: माहीत असलेल्या चुका. एखाद्या शाखेतून तक्रार आली, की अशी लक्षणं आधी कुठे दिसली होती का, हे त्यात बघायचं. अशी वही ठेवणं गैर नाही, उलट कुठलीही शहाणी सॉफ्टवेअर कंपनी ती ठेवतेच. गैर हे, की जिच्यामुळे एखाद्याची सुटका होऊ शकली असती, ती वही त्याला दिसतच नव्हती. पुढे दिवाणी खटल्यात अशा हजारो नोंदी बाहेर आल्या.

त्यातल्या चुका फार गूढ होत्या असंही नाही. स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनचं उदाहरण घ्या. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत ८,००० पाउंडची पिशवी आली. ती मिळाल्याची नोंद करायला कर्मचाऱ्याने एंटर दाबलं. पडदा जागचा हलेना. आपण काय करतो? परत दाबतो. प्रत्येक वेळी यंत्रणेने आणखी ८,००० जमा धरले. चार वेळा दाबल्यावर हिशेबात ३२,००० पाउंड आले. पिशवीत होते ८,०००. तूट २४,०००.

लिफ्टचं बटण चारदा दाबलं म्हणून चार लिफ्ट येत नाहीत. पैशाच्या यंत्रणेत तर ही काळजी पहिल्या दिवशी घ्यायची असते. तुम्ही यूपीआयने पैसे पाठवताना नेट अडकलं, तर तोच व्यवहार दोनदा होऊ नये म्हणून प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक असतो, तो याचसाठी. डॅलमेलिंग्टनची ही भानगड उघड झाली २०१५ साली. त्यानंतर शोधल्यावर कळलं, की दुहेरी नोंदीचे असे प्रकार २०१०पासून इतर शाखांमध्येही होत होते.

दुसरा दोष २०१०चा, होरायझनच्या नव्या ऑनलाइन आवृत्तीतला. काउंटरवरचा आकडा एक आणि मागच्या यंत्रणेतला दुसरा, असं ६२ शाखांमध्ये झालं. दुकानदाराला वाटायचं हिशेब जुळला, मुख्यालयात मात्र तफावत. त्यावर फुजित्सू आणि पोस्ट ऑफिसच्या माणसांची बैठक झाली. त्या बैठकीचं टिपण आज उपलब्ध आहे. हा दोष कळला तर शाखांचा यंत्रणेवरचा विश्वास उडेल आणि चालू असलेल्या खटल्यांवर परिणाम होईल, अशी काळजी त्यात चक्क लिहून ठेवलेली आहे.

त्या वेळी चालू असलेला एक खटला होता सीमा मिश्रा यांचा. भारतीय वंशाच्या मिश्रा सरे परगण्यात वेस्ट बायफ्लीट इथे पोस्ट चालवायच्या. आरोप होता ७४,००० पाउंड चोरल्याचा. ऑक्टोबर २०१०मध्ये गिल्डफर्डच्या न्यायालयात खटला उभा राहिला. त्याच्या काही दिवस आधी ६२ शाखांमधल्या दोषाची माहिती पोस्ट ऑफिसच्या वकिलांपर्यंत पोहोचली होती. मिश्रांचा हिशेब जुन्या आवृत्तीतला होता, त्यामुळे नेमका हाच बग त्यांना भोवला असं म्हणता येत नाही. पण खटल्यातला मुख्य प्रश्नच 'ही यंत्रणा चुकू शकते का' हा होता. ती चुकते हे कागदावर लिहिलेलं असताना बचाव पक्षाला ते सांगितलं गेलं नाही.

ज्यूरीने मिश्रांना दोषी ठरवलं. नोव्हेंबरमध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्या दुसऱ्यांदा गरोदर होत्या. चार महिन्यांनी सुटल्या त्या पायात इलेक्ट्रॉनिक टॅग घेऊन. बाळंतपण त्या टॅगसकट झालं.

निकाल लागल्यावर पोस्ट ऑफिसच्या एका वकिलाने ईमेल पाठवून आनंद व्यक्त केला. होरायझनवर बोट ठेवणाऱ्यांच्या गाड्यावर चढू पाहणाऱ्या इतरांना आता चाप बसेल, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं.

मग 'बग' आणि 'एक्सेप्शन' यात फरक काय?

'बग' हा शब्द कॉम्प्युटरच्याही आधीचा. १८७८ साली एडिसनने आपल्या शोधांमधल्या बारीकसारीक अडचणींना 'बग' म्हटलं होतं. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रात खराखुरा पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला गेला. ती गोष्ट इंटरनेटवर फिरत असतेच.

पण या शब्दावरही आक्षेप घेणारे होते. डच संगणकशास्त्रज्ञ एडस्खर डाइक्स्ट्रा यांनी १९८८ मध्ये लिहिलं, की बग म्हणणं बंद करा, चूक म्हणा. 'बग' म्हटलं की वाटतं, प्रोग्रॅमरची नजर चुकवून कुठून तरी किडा आत शिरला. मुळात चूक असते लिहिणाऱ्याची. डाइक्स्ट्रांच्या हिशेबाने 'बग' हाच मुळात सौम्य केलेला शब्द आहे. पोस्ट ऑफिसला तोही जड वाटला, हे इथे बघण्यासारखं आहे.

'एक्सेप्शन'ला प्रोग्रॅमिंगमध्ये पक्का अर्थ आहे. प्रोग्रॅम चालू असताना नेहमीपेक्षा वेगळी परिस्थिती आली, उदाहरणार्थ फाइल सापडली नाही किंवा शून्याने भागायची वेळ आली, तर प्रोग्रॅम 'एक्सेप्शन' उभा करतो. चांगल्या कोडमध्ये तो पकडायची सोय असते. म्हणजे एक्सेप्शन ही यंत्रणेने स्वतःहून दिलेली हाक आहे: इथे काहीतरी बिनसलंय. होरायझनमध्ये घडलं ते नेमकं उलटं. यंत्रणा गप्प राहून चुकीचा आकडा खरा म्हणून दाखवत होती. म्हणजे तांत्रिकदृष्ट्याही तो शब्द चुकीचाच होता. फक्त ऐकायला बरा. अपवाद म्हटलं की नियम शाबूत राहतो.

वेनेल्सबाईंचा ईमेल गेला तेव्हा चर्चा चालली होती ती ७६ शाखांमधल्या दोन दोषांची. वरच्या ६२ शाखा आणि दुसऱ्या एका दोषाने बाधित झालेल्या १४. चौकशी करणाऱ्या 'सेकंड साइट' या संस्थेला ही माहिती खुद्द पोस्ट ऑफिसने दिलेली होती. अपवाद म्हणायला ७६ हा आकडा जरा मोठाच.

'रिमोट ॲक्सेस': मागच्या दाराची किल्ली

सबपोस्टमास्तरला दोषी धरण्याचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा होता. शाखेच्या हिशेबात नोंद फक्त शाखेतूनच होऊ शकते, बाहेरून कुणी हात लावू शकत नाही. तसं असेल, तर चूक किंवा चोरी शाखेतच झालेली असणार. तर्क सरळ आहे.

हे गृहीतक खोटं होतं. २००१ ते २००४ या काळात फुजित्सूत काम केलेले रिचर्ड रोल २०१५ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात उघडपणे बोलले. सपोर्ट सेंटरमधून शाखेच्या हिशेबात हात घालता येत होता आणि काउंटरवरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नव्हता. पोस्ट ऑफिस मात्र असं होऊच शकत नाही म्हणत राहिलं. खरं तर वर सांगितलेल्या २०१०च्या टिपणातच याची चाहूल होती. ६२ शाखांचा घोळ निस्तरण्याचा एक पर्याय त्यात असा लिहिला होता, की शाखेतला आकडा बाहेरूनच बदलायचा. पुढे धोकाही नोंदवला होता: असं केलं तर यंत्रणेशी छेडछाड केल्याचे प्रश्न विचारले जातील. जे करताच येत नाही, त्याचे धोके कुणी लिहून ठेवत नाही.

आयटीत काम करणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. कुठल्याही मोठ्या यंत्रणेत दुरुस्तीसाठी मागचं दार लागतंच. प्रश्न असतो किल्ली कुणाकडे, दार उघडल्याची नोंद होते का आणि ती नोंद कुणाला बघायला मिळते. सविस्तर तांत्रिक नोंदी फुजित्सूकडे होत्या. पण कंत्राटात ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त मागवल्या तर पोस्ट ऑफिसला पैसे पडायचे. पुरावा मागवायला खर्च येतो म्हणून तो कमी मागवायचा, आणि त्याच्याच जोरावर माणूस तुरुंगात पाठवायचा, असा हा प्रकार.

'रोबस्ट': एक विशेषण आणि एक निकाल

या सगळ्या काळात पोस्ट ऑफिसचं एक लाडकं विशेषण होतं: 'रोबस्ट'. आमची यंत्रणा भक्कम आहे. पत्रकार, खासदार, न्यायालय, सगळ्यांना हेच उत्तर. पण सॉफ्टवेअरमध्ये भक्कम म्हणजे न चुकणारं, असा अर्थ होत नाही. चूक झाली तरी ती ओळखून सावरून घेणारं, असा होतो. लाखो व्यवहारांत एक चूक म्हणजे यंत्रणा उत्तमच. पण ती एक चूक ज्याच्या काउंटरवर झाली, त्याच्यासाठी ती शंभर टक्के असते. 'यंत्रणा भक्कम आहे' या वाक्यातून 'म्हणून तुझा आकडा बरोबर आहे' असा अर्थ निघत नाही. न्यायालयांत मात्र वर्षानुवर्षं तसाच काढला गेला.

हा गुंता सोडवला वेल्समधले सबपोस्टमास्तर ॲलन बेट्स आणि त्यांच्यासह दावा लावणाऱ्या एकूण ५५५ जणांनी. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला, की जुनं होरायझन भक्कम असण्याच्या जवळपासही नव्हतं. निकालाला बगांचा तक्ताच जोडलेला आहे. तडजोडीत ५.७७५ कोटी पाउंड मिळाले, पण खटल्याचा खर्च वजा जाता ५५५ जणांच्या वाट्याला उरले सुमारे १.२ कोटी. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. त्यात हॅमिल्टन होत्या, मिश्राही होत्या. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या अशा शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या. स्कॉटलंडने आपला वेगळा कायदा केला.

न्यायालयाने कॉम्प्युटरवर विश्वास का ठेवला?

इंग्लंडमध्ये १९८४च्या कायद्यात एक कलम होतं, कलम ६९. कॉम्प्युटरने काढलेला कागद फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून द्यायचा, तर कॉम्प्युटर नीट चालत होता हे आधी दाखवा. हे फार किचकट आहे, अशी तक्रार झाली. १९९९च्या कायद्याने ते काढून टाकलं. नेमकं होरायझन येत होतं तेव्हाच. मग उरलं जुनं गृहीतक: यंत्र नीट चालत होतं असंच समजायचं. नव्हतं असं म्हणणाऱ्याने त्याला शंका घेण्याजोगं काहीतरी दाखवायचं. आणि ते दाखवायला लागणारे कागद होते समोरच्या पक्षाकडे.

भारताने वेगळी वाट धरली. पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागायचं आणि त्यात कॉम्प्युटर नीट चालत होता हेही नमूद करावं लागायचं. यावरचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातून आलेला आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी ३ची वेळ उलटून गेल्यावर घेतले गेले, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. पण मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्रमाणपत्र बंधनकारकच आहे. ते ज्याच्याकडे आहे तो देत नसेल, तर न्यायालयाकडून मागवून घेता येतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू झालं. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा.

म्हणजे आपल्याकडे होरायझन होणार नाही? तसं नाही. 'यंत्र नीट चालत होतं' असं प्रमाणपत्र पोस्ट ऑफिसनेही हसतहसत दिलं असतं. कॉम्प्युटर चालू होता, हार्ड डिस्क शाबूत होती, नोंद जशीच्या तशी कॉपी केली, हे सगळं खरं असूनही आकडा खोटा असू शकतो. डॅलमेलिंग्टनमध्ये तेच झालं. प्रमाणपत्राने कागद खरा आहे हे कळतं. हिशेब खरा आहे का, त्यासाठी माहीत असलेल्या चुकांची वही उघडावी लागते. रेशन दुकानातल्या मशीनने अंगठा नाकारला की अजूनही बोटावरच संशय घेतला जातो, मशीनवर सहसा नाही.

सध्या काय चाललंय?

सर विन विल्यम्स यांच्या सार्वजनिक चौकशीच्या अहवालाचा पहिला खंड ८ जुलै २०२५ रोजी आला. या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी आयुष्य संपवलं असावं, असं त्यात म्हटलंय. आणखी किमान ५९ जणांच्या मनात तसा विचार येऊन गेला होता. जुनं होरायझन चुका करू शकतं हे पोस्ट ऑफिसमधल्या अनेक वरिष्ठांना माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, असाही निष्कर्ष आहे. अहवाल आला तेव्हा भरपाईला पात्र ठरणाऱ्यांची संख्या सुमारे १०,००० होती. गुन्हा सिद्ध न होता फक्त खिशातून पैसे भरत राहिलेले हजारो जण त्यात आहेत.

दोष अगदी सुरुवातीपासून माहीत होते, असं फुजित्सूचे युरोपमधले प्रमुख पॉल पॅटरसन यांनी जानेवारी २०२४ मध्ये मान्य केलं. भरपाईत वाटा उचलणं ही कंपनीची नैतिक जबाबदारी आहे, असंही ते म्हणाले. वेनेल्स यांचा सीबीई किताब गेला. कॉम्प्युटर नीट चालतो असं समजून चालण्याचा नियम बदलावा का, यावर ब्रिटन सरकारने जानेवारी २०२५ मध्ये लोकांकडून मतं मागवली.

आणि होरायझन? त्याच्या जागी नवी यंत्रणा आणण्याचं काम रखडत गेलं. २०२५ सालीही ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसमध्ये दिवसाचा हिशेब होरायझनवरच लागत होता.